त्रेसष्टावा वाफा

लग्नाच्या बैठकीत कोणी माझ्या नोकरीबद्दल विचारलं की मी खरं ते सांगायचो, आणि बैठक तिथंच आटोपायची. मुलीचा मामा विचारायचा, "काय काम असतं आपलं?" मी म्हणायचो, "आज रात्री किती वाजता दुर्बीण आकाशाच्या कुठल्या भागाकडे वळवायची, त्याचा तक्ता करतो." "मग दुर्बिणीतून बघता?" "नाही, बघणारे वेगळे. मी तक्ता करतो." मामा एकदा माझ्या आईकडे बघायचा, एकदा आढ्याकडे. मग चहा लवकर यायचा आणि पानसुपारी त्याहून लवकर. मानवतला तीनदा आणि सेलूला एकदा हे झालं. त्यानंतर मी आईला सांगून टाकलं की आता पुरे. ती चार दिवस माझ्याशी बोलली नाही, मीही तिच्याशी बोललो नाही. आमच्या घरात रुसण्याची कला सगळ्यांनाच येत होती.

काम मात्र मी सांगायचो तसंच होतं. साऱ्या आकाशाचे फोटो काचेच्या प्लेटांवर घ्यायचे, त्यावरून एकेका ताऱ्याची जागा नोंदवायची, असा मोठा उद्योग चालला होता. आकाशाचे पट्टे पाडून ते ठिकठिकाणी वाटून दिले होते. आमच्या वाट्याला आलेल्या पट्ट्यासाठी जिंतूरच्या पुढं एका उघड्या टेकडीवर ठाणं बसवलं होतं. निजामावरची पोलिस ॲक्शन होऊन दोन-तीन वर्षं झाली होती. टेकडीवर पत्र्याच्या दोन खोल्या, फिरत्या छपराची एक गोल खोली आणि पाण्याचा हौद. मोटारीतून उतरल्यावर तासभर चालावं लागे. रात्री खाली गावात मिणमिणणारे आठ-दहा कंदील सोडले तर चहूबाजूंना उजेडाचा ठिपकाही नसे, आणि ठाण्याला तेच हवं होतं.

ठाण्यावर माणसं तीन. एक मी. दुसरे उस्ताद. ते हैदराबादेहून आलेले, माझ्याहून वीसेक वर्षांनी मोठे. दुर्बीण चालवायची, प्लेट लावायची, उतरवायची आणि पहाटे अंधाऱ्या खोलीत धुवायची, हे सगळं त्यांच्याकडे. मी त्यांना उस्ताद म्हणे आणि ते मला मुन्शीजी म्हणत. तिसरा खालच्या गावचा चौकीदार. तो सकाळी भाकऱ्या आणि दूध घेऊन यायचा, हौद भरायचा आणि संध्याकाळी दुसऱ्यांदा भाकऱ्या देऊन खाली उतरायचा.

आकाशाच्या पट्ट्याचे आम्ही चौकोन पाडले होते. कागदावर आखलेले ते चौकोन चौकीदारानं एकदा बघितले आणि म्हणाला, "हे तर वाफे झाले की. मेथीचे असत्यात तसे." तेव्हापासून आम्ही तिघंही वाफेच म्हणू लागलो. हैदराबादच्या मोठ्या ऑफिसला लिहायच्या कागदांत सोडून.

तक्ता करणं म्हणजे पेरणीचं गणित होतं. कुठलाही तारा रोज चार मिनिटं आधी उगवतो आणि चार मिनिटं आधी मावळतो. म्हणजे आज रात्री नऊला जो वाफा डोक्यावर असेल, तो महिन्याने सातलाच डोक्यावर येणार आणि आणखी काही महिन्यांनी दिवसाउजेडी येऊन वाया जाणार. त्यात चंद्र मध्ये येतो. पावसाळ्याचे चार महिने काहीच होत नाही. एवढं सगळं सांभाळून कुठला वाफा कधी घ्यायचा ते ठरवायचं. माझ्या टेबलावर दोन घड्याळं होती, एक माणसांचं आणि एक ताऱ्यांचं. ताऱ्यांचं घड्याळ रोज चार मिनिटं पुढं पळे. मला तेच खरं वाटायचं.

पहिल्याच आठवड्यात उस्तादांनी मला एक नियम शिकवला. जो आधी मावळणार, तो आधी. पूर्वेकडून वर येणाऱ्या वाफ्यांना उद्या आहे, परवा आहे. पश्चिमेला उतरणाऱ्याला नाही. "बाकी गणित तुमचं तुमी बघा," ते म्हणाले होते, "ह्ये एवढं चुकू नक्को."

आता एकटेपणाबद्दल सांगायचं तर ते नीट सांगायला हवं, कारण आम्ही दोघं एका छपराखाली राहत होतो आणि तरी मी एकटा होतो. ते रात्री काम करत आणि दिवसा झोपत. मी दिवसा काम करी आणि रात्री झोपे. दिवसभर शेजारच्या खोलीत, खिडक्यांना काळं कापड लावून, तो माणूस झोपलेला असे. मी अनवाणी चाले. स्टोव्ह पेटवताना त्याचा आवाज होईल म्हणून बाहेर नेऊन पेटवी. खोकला आला तर हौदापर्यंत जाऊन खोकून येई. एवढी काळजी मी नात्यातल्या कोणाची घेतली नव्हती. कधी कधी दुपारी बोलावंसं वाटे, अगदी काहीही, आणि मी ताऱ्यांच्या घड्याळाला चावी देत बसे.

भेट व्हायची ती तिन्हीसांजेला. मी चहा करायचो, ते तोंड धुऊन यायचे, ओट्यावर बसून आम्ही चहा प्यायचो, आणि मी त्या रात्रीचा तक्ता त्यांच्या हाती द्यायचो. पंधरा-वीस मिनिटं. पुढचं बोलणं कागदावर व्हायचं. तक्त्यात शेवटचा रकाना शेऱ्याचा होता. तो खरा तर हवा, धुकं, बिघाड असल्या नोंदींसाठी. पहाटे झोपायला जाण्याआधी उस्ताद त्यात उर्दूत लिहीत, कारण मला शाळेपासून उर्दू येत होती. "तिसऱ्या वाफ्याच्या वेळी कोल्हा दारापर्यंत आला होता." "आज थंडी फार. तुमची शाल बाहेर राहिली होती, आत ठेवली आहे." मी दुपारी त्याखाली मराठीत उत्तर लिही. ते मराठी वाचायला असेच शिकले. पाच वर्षांत आम्ही तोंडानं जेवढं बोललो असू त्याहून जास्त त्या रकान्यात बोललो. मोठ्या ऑफिसनं एकदा लिहून कळवलं होतं की शेऱ्यात फक्त कामाचा मजकूर असावा. मी त्यावर "नोंद घेतली" असं लिहिलं आणि आम्ही पुढं चालू ठेवलं.

पाचव्या वर्षी श्रावणात माझी आई गेली. मी मानवतला होतो. भाऊ नाही, बहीण नाही. तेरावा झाला, घरमालकानं खोली परत मागितली, मी भांडी शेजारणीला देऊन टाकली आणि एक ट्रंक घेऊन टेकडीवर परत आलो. त्या संध्याकाळी उस्तादांनी चहा केला. त्यांचा चहा फार वाईट असायचा. "काही बोलायचं असेल तर बोला," ते म्हणाले. मी म्हणालो, "काही नाही." आणि खरंच काही नव्हतं, म्हणजे सांगता येण्यासारखं काही नव्हतं. आता मानवतला जायचं कारण संपलं होतं. आता घर म्हणून जे काही होतं ते या ओट्यावरची पंधरा-वीस मिनिटं, एवढंच मला कळत होतं.

पितृपंधरवड्यात मोठ्या ऑफिसचा कागद आला. आमचा मुलूख दिवाळीच्या सुमाराला मुंबई राज्यात जाणार होता, तेव्हा ठाणं हलवायचं ठरलं होतं. पट्ट्यातले अकरा वाफे राहिले होते. ते पावसाळा सरताच उरकावेत आणि सामान बांधावं. उस्ताद हैदराबादेला परत जातील, मला जिंतूरच्या तहसिलीत सामावून घेतील. मी कागद दोनदा वाचला. मग वही काढून अकराही वाफ्यांचं गणित मांडलं, आणि मला दिसलं की हे काम चार-पाच रात्रींचं आहे.

चार-पाच रात्री. त्यानंतर तहसील.

अकरांपैकी दहा वाफे पूर्वेचे आणि डोक्यावरचे होते. त्यांना सवड होती. अकरावा, म्हणजे नंबरानं त्रेसष्टावा, वृश्चिकाच्या नांगीच्या वरच्या बाजूचा. तो अंधार पडतानाच पश्चिमेला कललेला असायचा आणि दिवाळीपर्यंत तर हातचा जाणार होता. नियमानं तो पहिल्या रात्री, पहिला घ्यायला हवा होता. पण तो जर चुकला, तर पुन्हा कधी मिळणार? मी घड्याळाकडे बघून हिशेब केला. माघ-फाल्गुनात, पहाटेच्या वेळी. एवढ्या वर्षांच्या पट्ट्यात एक भोक ठेवून मोठं ऑफिस काही ठाणं बंद करणार नाही. म्हणजे एक वाफा चुकला तर फाल्गुनापर्यंत टेकडी टिकते, चहा टिकतो.

हा विचार मी केला. कोणी मला भरीला घातलं नव्हतं. तीस वर्षांच्या माणसानं, पूर्ण शुद्धीत, दुपारी बाराच्या उन्हात बसून केला.

घटस्थापनेच्या रात्री आकाश धुतल्यासारखं स्वच्छ होतं आणि चंद्र नव्हता. मी तक्त्यात एक पूर्वेचा वाफा घातला, तोही रात्री नऊनंतरचा, आणि त्यानंतर दुसरा. उस्तादांनी चहा पीत तक्ता वाचला. "आज त्रेसष्ट न्हाई?"

"पश्चिमेला चुलींचा धूर बसतो, उस्ताद. हवा जरा निवळू द्या."

त्यांनी पश्चिमेकडे बघितलं. तिथं धूर नव्हता. "हौ," ते म्हणाले आणि तक्ता खिशात घातला.

दुसऱ्या दिवशी प्लेटांचं रजिस्टर लिहिताना एक प्लेट कमी भरली. उस्तादांनी शेऱ्यात लिहिलं होतं, "एक प्लेट हातून पडून फुटली." पाच वर्षांत त्यांच्या हातून प्लेट फुटली नव्हती. माझं चित्त आधीच थाऱ्यावर नव्हतं, आणि ज्या दिवशी मी स्वतः चुकीचा असतो त्या दिवशी मला दुसऱ्याच्या चुका फार दिसतात. मी प्लेटांच्या रजिस्टरात, जिथं मोठ्या ऑफिसचा साहेब वाचेल अशा जागी, लाल शाईनं लिहिलं: "निष्काळजीपणा. प्लेट जपून हाताळावी." संध्याकाळी त्यांच्यापुढं सहीसाठी ठेवलं. त्यांनी वाचलं, खाली उर्दूत "चूक कबूल" लिहून सही केली आणि चहा मागितला.

मग शुक्ल पक्षाचा चंद्र वाढत गेला. चांदण्यात संध्याकाळचा वाफा घेता येत नाही, ते कारण खरं होतं, आणि खऱ्या कारणाचा मला केवढा आधार वाटला. बाकीचे आठ वाफे मी उशिराच्या वेळांना, एकेक करून, पुरवून पुरवून दिले. कोजागिरीनंतर संध्याकाळी पुन्हा अंधार पडू लागला तेव्हा मी म्हणालो की कापसाच्या गाड्यांची धूळ फार आहे. दुसऱ्या दिवशी म्हणालो की ताऱ्यांचं घड्याळ तपासायला हवं. उस्ताद प्रत्येक वेळी "हौ" म्हणत.

चौकीदाराला एवढा धीर नव्हता. भाकऱ्या ओट्यावर ठेवता ठेवता तो म्हणाला, "तुमचा त्यो इच्चू रोज खाली खाली जायलाय की ओ. तुमी त्याला धरायचं कवा?"

मी त्याच्यावर खेकसलो. "तुला काय कळतं त्यातलं? तू हौद बघ."

"मला काय कळणार," तो शांतपणे म्हणाला. "पर दिसायलंय म्हणून बोललो."

त्याच सुमाराला उस्तादांना मुलीच्या सासरहून पत्र आलं. मुलीचे दिवस भरत आले होते. पहिलंच बाळंतपण. त्यांनी पत्र मला वाचून दाखवलं, ते माझ्याकडे न बघता. मुलीनं लिहिलं होतं की बाळाच्या कानात अजान अब्बांनी द्यावी, अशी तिची इच्छा आहे. जन्मल्या जन्मल्या घरातल्या वडीलधाऱ्यानं बाळाच्या कानाशी अजान म्हणायची, अशी त्यांच्यात रीत. "वाफे कधी उरकतील, मुन्शीजी?" त्यांनी विचारलं.

माझ्या जिभेवर खरं उत्तर होतं. त्रेसष्ट आज घेऊ, परवा तुम्ही निघा, असं. मी म्हणालो, "हवेवर आहे सगळं."

त्या रात्री मी झोपलो नाही. गोल खोलीचं छप्पर फिरताना कुरकुरायचं, तो आवाज मला नेहमी सोबतीसारखा वाटे. त्या रात्री तो आवाज नको झाला. तरी दुसऱ्या दिवशी तक्त्यात मी त्रेसष्ट घातला नाही. मला माझी लाज वाटत होती आणि मी तरीही घातला नाही. हे दोन्ही एकाच माणसात एकाच वेळी राहू शकतं.

मग अवेळी ढग आले. पाच दिवस पाच रात्री टेकडीवर आभाळ बसून होतं. सहाव्या संध्याकाळी उघडलं तेव्हा मी ओट्यावर उभा राहून बघितलं. अंधार पुरता पडायच्या आत वृश्चिक क्षितिजाला टेकलेला होता. त्रेसष्ट गेला होता. जे मी तीन आठवडे मागत होतो ते मला मिळालं होतं, आणि मी आत जाऊन ताऱ्यांच्या घड्याळाला चावी देत बसलो.

दोन दिवसांनी मोठ्या ऑफिसची तार आली. राहिलं असेल ते अपूर्ण दाखवून ठाणं ताबडतोब बंद करावं. फाल्गुनाचं माझं गणित असं फुकट गेलं. राहिलं फक्त भोक. मी पेरलेले, मी आखलेले, ज्यांच्यासाठी लग्नाच्या बैठकी मोडल्या ते सगळे वाफे आणि त्यांत एक कोरा. पुढं कधी तरी कुठल्या तरी देशातला माणूस तो नकाशा उलगडणार आणि विचारणार की इथं काय झालं.

दिवाळीची अमावास्या होती. खाली गावात नेहमीपेक्षा जास्त दिवे होते. मी शेवटचा तक्ता भरला. त्रेसष्टपुढं लिहिलं, "ढगांमुळे अपूर्ण." त्यावर दोघांच्या सह्या लागत. उस्तादांनी तो वाचला आणि सही न करता ओट्यावर ठेवला.

"ढगांमुळे असं लिहू नक्का, मुन्शीजी."

"मग काय लिहू?" माझा आवाज चढला. "माझ्यामुळे लिहू? मी मुद्दाम ठेवला म्हणून लिहू? तुम्ही जाल आणि मी त्या तहसिलीत बसेन, म्हणून ठेवला. तुमची मुलगी वाट बघते हे माहीत असून ठेवला. लिहू असं?"

ते उठून आपल्या खोलीत गेले. मला वाटलं, आता दार लावून घेतील, आणि त्यांचं बरोबरच होतं. पण ते परत आले. हातात जुन्या, नेसायच्या तहमतीत गुंडाळलेलं काही तरी होतं. त्यांनी ते माझ्या मांडीवर ठेवलं.

आत प्लेट होती. धुतलेली, वाळलेली, कागदी पाकिटात घातलेली. पाकिटावर त्यांच्या अक्षरात त्रेसष्ट. खाली घटस्थापनेची रात्र.

मी कंदील जवळ ओढला आणि काच उजेडापुढं धरली. प्लेटवर तारे काळेच उमटतात. काळ्या ठिपक्यांची गर्दी, कडेला नांगीजवळचे दोन तारे. ठिपके गोल होते, एकही ताणलेला नव्हता. उत्तम प्लेट होती. त्यांच्या हातून दुसऱ्या प्रकारची निघत नसे.

"ती फुटली नव्हती," मी म्हणालो.

"न्हाई."

"तुम्हाला पहिल्याच दिवशी कळलं होतं."

"जो आधी मावळणार तो आधी. मीच शिकवलं होतं तुमाला. तुमचं गणित कधी चुकत न्हाई. त्या दिवशी चुकलं, तर मी समजलो, गणित चुकलेलं न्हाई." ते खाली गावाकडे बघत बोलत होते. "अम्मी जाऊन तुमची दोन म्हयनेसुद्धा झाले नव्हते."

मी प्लेट परत पाकिटात घातली. "तुम्ही हे दाखवलं असतं तर कोजागिरीच्या आत घरी पोचला असतात."

"हौ."

"बाळ?"

"मुलगा झाला. आठ रोज झाले. पत्र आलं." त्यांनी ते मला वाचून दाखवलं नव्हतं. "अजान तिच्या सासऱ्यानं दिली. तिथं माणसं लय हायत, मुन्शीजी."

इथं एकच होता, एवढं त्यांनी म्हटलं नाही. मी रडलो. आईच्या वेळी रडलो नव्हतो ते तेव्हा रडलो, आणि ते शेजारी बसून राहिले. मग त्यांनी उठून चहा केला. तो नेहमीसारखाच वाईट होता. आम्ही "ढगांमुळे अपूर्ण" खोडून "पूर्ण" लिहिलं आणि दोघांनी सह्या केल्या.

चार दिवसांनी सामान परभणीला गाडीत चढवलं. दुर्बिणीच्या पेट्या, प्लेटा, तक्ते, रजिस्टरं, सगळं मालडब्यात. उस्ताद खिडकीशी बसले. मी फलाटावर उभा होतो, शिट्टी झाली आणि मी चढलो. "पिंगळीपर्यंत येतो," मी म्हणालो. ते पुढचंच स्टेशन. तेवढ्या वेळात आम्ही काहीच बोललो नाही. दोघांनाही बोलायची सवय रकान्यातच होती. पिंगळीला मी उतरलो. त्यांनी खिडकीतून हात बाहेर काढला, मी तो धरला, आणि गाडी हलली तसा सोडला.

गाडीचा शेवटचा डबा समोरून गेला तेव्हा मला रजिस्टराची आठवण झाली. ते लाल शाईतलं वाक्य मी खोडलं नव्हतं. मालडबा तर पुढं निघून गेला होता. मी रुळांच्या कडेनं परभणीकडे चालू लागलो. नंतर तहसिलीत मी अठ्ठावीस वर्षं काढली. उस्तादांना पत्रं लिहिली, त्यांचीही आली, पुढं एक त्यांच्या नातवाच्या अक्षरात आलं. त्यांना त्या वाक्याबद्दल लिहायचं मात्र माझ्याच्यानं झालं नाही. कुठल्या तरी कपाटात ते रजिस्टर अजून असेल. त्यात माझ्या अक्षरात लिहिलेलं असेल की हा माणूस निष्काळजी आहे, आणि खाली त्यांच्या अक्षरात, चूक कबूल.